नसबंदीचा दाखला मिळेपर्यंत

पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी पंधरा-वीस मिनिटांत उरकते; ती यशस्वी झाल्याचे प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत मात्र माणूस मेटाकुटीला येतो. शस्त्रक्रियेची भीती घालणारे पुष्कळ भेटतात, पण कागद नेमका कुठे अडतो हे कुणी सांगत नाही, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

दोन सिझेरियन आणि त्यानंतर तांबीमुळे झालेला अतिरक्तस्राव पत्नीने सोसल्यावर पुढची जबाबदारी माझी, असे आम्ही घरात ठरवले होते. स्त्रियांच्या दंडात बसवतात तशी संप्रेरकाची कांडी पुरुषांसाठी असेल तर मला तीच हवी होती, कारण ती पुढे काढता येते. अशी कांडी अजून कोणत्याही देशात पुरुषांसाठी मंजूर झालेली नाही, हे डॉक्टरांनी मला शांतपणे समजावून सांगितले. कांडीतील संप्रेरकामुळे मेंदूकडून वृषणांकडे जाणारा संदेश थांबतो, त्यामुळे शुक्राणूंबरोबर शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉनही घटते आणि ते बाहेरून द्यावे लागते. म्हणूनच युरोपात साडेतीनशे पुरुषांचा समावेश असलेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कांडीच्या जोडीला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने होती. दोन संप्रेरकांच्या इंजेक्शनांची दुसरी एक चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने चालू होती. तिच्यातील नवी इंजेक्शने 2011 मध्ये मनःस्थितीवरील आणि इतर दुष्परिणामांमुळे थांबवण्यात आली. नसबंदीत असे काही होत नाही. केवळ शुक्रवाहिन्या बंद केल्या जातात, वृषणांचे काम चालू राहते आणि रक्तातील टेस्टोस्टेरॉन पूर्वीसारखेच राहते. आम्हाला आणखी मूल नको होते, त्यामुळे निर्णय घेणे अवघड गेले नाही.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे फार थोडे आहे. स्थानिक भुलेची सुई टोचते, मग थोडे ओढल्यासारखे वाटते, आणि त्याच दिवशी घरी जाता येते. दोन दिवस विश्रांती घ्यावी, आठवडाभर जड उचलू नये, सायकल चालवू नये आणि घट्ट लंगोट किंवा आधार देणारी अंतर्वस्त्रे वापरावीत. पत्नीची सही कायद्याने लागत नाही. कुणी ती मागितली तर शासकीय मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवावे.

खरी अडचण तीन महिन्यांनी सुरू झाली. शुक्रवाहिनी बंद केली तरी तिच्या पुढच्या भागात शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने दुसरे साधन वापरायचे, मग वीर्यतपासणी करायची आणि अहवालात शुक्राणू नसतील तरच प्रमाणपत्र द्यायचे, असा नियम आहे. नियम अगदी योग्य आहे. परंतु प्रयोगशाळेच्या खिडकीवर मला मिळालेला अर्ज मूल होत नसलेल्या जोडप्यांसाठी छापलेला होता. मुलासाठी किती वर्षे प्रयत्न चालू आहेत, पत्नीवर कोणते उपचार सुरू आहेत, असे रकाने त्यात होते. नसबंदीनंतरच्या तपासणीसाठी एकही नव्हता. “दादा, सगळे रकाने भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढेच जात नाही, काहीतरी लिहा,” असे खिडकीवरच्या मुलीने सांगितले. वैद्यकीय कागदावर काहीतरी लिहायला मी ठाम नकार दिला. बऱ्याच वादानंतर आतल्या तंत्रज्ञांनी येऊन प्रत्येक रकान्यात ‘लागू नाही’ असे लिहून घेतले. नमुना देण्यासाठी वेगळी खोली नव्हती. रांगेतल्या सर्वांसमोर माझे नाव पुकारून प्लॅस्टिकची डबी हातात देण्यात आली आणि शौचालयाचा रस्ता दाखवण्यात आला. तपासणीला आलेल्या कोणत्याही पुरुषाला, मग तो मूल हवे म्हणून आलेला असो वा नको म्हणून, अशी वागणूक मिळू नये असे मला मनापासून वाटते.

अहवालात शुक्राणू आढळले नाहीत, आणि मला खूप हायसे वाटले. त्याच वाक्याखाली वंध्यत्वतज्ज्ञांचा सल्ला घेण्याचा शेरा आपोआप छापून आला होता. तो कागद कुटुंब कल्याण विभागात दिला, तर तिथे केस पेपरचा क्रमांक जुळेना. शस्त्रक्रिया एका केस पेपरवर झाली होती आणि तपासणीसाठी नवा केस पेपर काढायला लावला होता. नाव तेच, आधार क्रमांक तोच, तरीही हा अहवाल तुमचाच कशावरून, असा प्रश्न आला. प्रयोगशाळा म्हणे छापलेला अहवाल बदलता येत नाही. विभाग म्हणे डॉक्टरांचे पत्र आणा. आणि डॉक्टर शस्त्रक्रियेच्या ठरलेल्या वारीच भेटत. अखेर त्यांनी अहवालावरच शस्त्रक्रियेच्या नोंदवहीतील क्रमांक लिहून सही-शिक्का दिला, तेव्हा प्रमाणपत्र लगेच तयार झाले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गर्भनिरोधनासाठी स्त्री नसबंदीचे प्रमाण 37.9 टक्के आणि पुरुष नसबंदीचे 0.3 टक्के होते. इतक्या कमी पुरुषांसाठी वेगळा रकाना कोण छापणार, हे मी समजू शकतो. पण आलेल्या माणसाला असेच फिरवले, तर तो दुसऱ्याला या म्हणून सांगणार नाही.

म्हणून घरी जाण्याचा कागद मिळेल त्याच दिवशी तीन महिन्यांनंतरच्या तपासणीची चिठ्ठी मागून घ्यावी आणि तिच्यावर नोंदवहीचा क्रमांक लिहून घ्यावा. डबी आदल्या दिवशी आणावी; घर जवळ असेल तर नमुना घरीच घेऊन, अंगाजवळ उबदार ठेवून तासाभरात पोहोचवता येतो. अहवालात शुक्राणू दिसले तर घाबरू नये, दुसरे साधन चालू ठेवून पुन्हा तपासणी करावी. आणखी एक राहिले: शस्त्रक्रियेसाठी विवाहित असणे, वय साठच्या आत असणे आणि एक वर्षाहून मोठे किमान एक मूल असणे आवश्यक आहे, तेव्हा मुलाचा जन्मदाखला सोबत ठेवावा. प्रमाणपत्रावरचे नाव आधारप्रमाणे आहे का हे खिडकी सोडण्यापूर्वी वाचून घ्यावे, कारण नसबंदी अयशस्वी ठरली तर भरपाईच्या दाव्याला तोच कागद जोडावा लागतो.