मानशीच्या दारात बर्कली आणि शांघाय

गेल्या वर्षी श्रावणी अमावास्येच्या उधाणाला आमच्या खाजनात खारे पाणी शिरले. बांध फुटला नव्हता. मानशीच्या दाराची खालची फळी कुजून बोटभर फट पडली होती आणि भरतीचे पाणी रात्रभर तिथून झिरपत राहिले. सकाळी कोणाच्या लक्षात आले नाही, कारण पावसाच्या पाण्यात मिसळलेले खारे पाणी डोळ्यांना वेगळे दिसत नाही. आठ-दहा दिवसांनी पात्यांची टोके तांबूस पडली. तात्यांनी एक पाते चिमटीत धरून चुरगाळले आणि एवढेच म्हणाले, "खार लागला."

गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे, खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पातळीखालची शेतजमीन. आमची झुआरीकाठी, फोंडा तालुक्यात आहे. चिखलाचे बांध घालून आमच्या पूर्वजांनी ती नदीकडून मिळवली. बांधात ठरावीक ठिकाणी मानस असते, लाकडी झडपांचे दार. ओहोटीला आतले पाणी रेटा देऊन झडप उघडते, भरतीला बाहेरचे पाणी तीच झडप दाबून बंद करते. वीज नाही, मोटर नाही. शेकडो वर्षे हे दार दिवसातून दोनदा उघडते आणि दोनदा मिटते.

मी फोंड्यात इलेक्ट्रॉनिक्सची लहान कार्यशाळा चालवते. कारखान्यांच्या पंपांचे कंट्रोलर दुरुस्त करणे, लहानसहान बोर्ड बनवून देणे हे पोटापाण्याचे काम. खार लागल्यावर मला राहवेना. खारटपणा मोजणे म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजणे, एवढे तर मला येत होते. साध्या भाताला मातीतला खारटपणा ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेला की त्रास सुरू होतो. आमचे कोरगूट भात जास्त सोसते, म्हणून तर ते खाजनात टिकले. पण त्यालाही मर्यादा आहे.

पहिला प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायची मोजणारी कांडी, मी तांब्याच्या तारांचा केला आणि तो आठवड्यात हिरवा पडून खलास झाला. चूक माझीच होती. खाऱ्या पाण्यात एकाच दिशेने वीज सोडत राहिले की धातू झिजतो, हे बारावीत शिकलेले विसरले होते. दुसऱ्या खेपेला स्टेनलेस स्टीलच्या दोन कांड्या घेतल्या आणि वीज क्षणाक्षणाला उलटसुलट दिशेने सोडली. हा प्रोब अजून चालतो आहे. वर एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात बोर्ड, एक बॅटरी आणि लोरा, म्हणजे थोड्या विजेवर लांबपर्यंत आकडे पाठवणारा रेडिओ. तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो, त्यासाठी परवाना लागत नाही. आकडा टेकडीवरच्या आमच्या घरापर्यंत येतो आणि तिथून फोनवर.

डबा मानशीच्या खांबाला बांधत होते तेव्हा तात्या शेजारी उभे होते. आम्ही घरात कोकणीत बोलतो, इथे मराठीत लिहिते. त्यांनी विचारले, "बाय, ही चिप कोणाची? चीनची की अमेरिकेची?"

मी पटकन म्हटले, चीनची. रात्री झोपताना वाटले, आपण तात्यांना अर्धेच सांगितले. ही नोंद त्या राहिलेल्या अर्ध्यासाठी आहे.

चिपचे नाव ईएसपी३२-सी३. बनवणारी कंपनी एस्प्रेसिफ, २००८ मध्ये शांघायमध्ये स्थापन झालेली. पण चिपच्या आत प्रोसेसर ज्या भाषेत आज्ञा ऐकतो, ती भाषा शांघायची नाही. तिचे नाव रिस्क-फाइव्ह. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात क्रस्ते आसानोविच आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती रचायला घेतली, डेव्हिड पॅटरसन त्यांच्यासोबत होते. त्यांनी ती सर्वांना खुली केली. कोणीही वापरा, शुल्क नाही. एस्प्रेसिफच्या जुन्या चिपमध्ये सिलिकॉन व्हॅलीतल्या एका कंपनीचा परवाना घेतलेला प्रोसेसर असायचा. सी३ मध्ये बर्कलीची खुली भाषा आली. दोन-तीनशे रुपयांच्या त्या तुकड्यात पॅसिफिकचे दोन्ही काठ आहेत आणि तो आज झुआरीच्या काठावर बसला आहे.

हे सगळे करारमदार करून झाले असे कोणाला वाटेल. मला यातली सर्वांत आवडती गोष्ट कराराशिवाय घडलेली आहे. २०१४ मध्ये याच कंपनीची आधीची चिप, ईएसपी८२६६, शेन्झेनच्या एका लहान मॉड्यूलवर बसून बाजारात आली. अगदी स्वस्त वाय-फाय. पण कागदपत्रे जवळजवळ सगळी चिनी भाषेत. अमेरिका-युरोपातल्या हौशी लोकांनी ती उतरवून घेतली, एकेक आज्ञा करून पाहिली, जे सापडले ते एकमेकांना सांगितले. कंपनीनेही दार लावून घेतले नाही. काही महिन्यांत तिने प्रोग्रॅमिंगची साधने मोकळी केली. त्या वर्षी मी नुकती कार्यशाळा उघडली होती. रात्री अकरानंतर मुलगी झोपली की मी अनोळखी लोकांनी चिनीतून इंग्रजीत आणलेली पाने वाचत बसायचे. त्या लोकांचे ऋण माझ्यावर आहे आणि ते मी मनापासून मानते.

नुसत्या हौशी लोकांनी एवढे झाले नसते, हेही खरे. त्याच्या मागे माणसांच्या येण्याजाण्याची चाळीस वर्षे आहेत. ३१ जानेवारी १९७९ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे जिमी कार्टर आणि चीनचे डेंग श्यावफिंग यांनी विज्ञान-तंत्रज्ञान सहकार्याच्या करारावर सह्या केल्या. त्याच सुमारास चिनी विज्ञान अकादमीतले एक भौतिकशास्त्रज्ञ, चेन चुनश्यान, अमेरिकेला जाऊन आले. सिलिकॉन व्हॅली पाहिली, बॉस्टनजवळचा रूट १२८ या रस्त्याकडेचा तंत्रकंपन्यांचा पट्टा पाहिला. तिथे विद्यापीठातला माणूस रस्ता ओलांडून पलीकडे जातो आणि कंपनी काढतो, हे त्यांच्या डोक्यात बसले. ऑक्टोबर १९८० मध्ये त्यांनी बीजिंगच्या जोंगग्वानत्सुन भागात २०० युआन उसने घेऊन एक तंत्रसेवा केंद्र सुरू केले. वरिष्ठांना ते रुचले नाही, त्यांची चौकशी झाली, पण शेवटी वरून पाठिंबा मिळाला. १९८८ मध्ये सरकारने त्याच भागाला नवतंत्रज्ञानाचे प्रायोगिक क्षेत्र म्हणून मान्यता दिली. आज जोंगग्वानत्सुनला लोक चीनची सिलिकॉन व्हॅली म्हणतात. मला मात्र ते उसने २०० युआन जास्त जवळचे वाटतात. माझा पहिला ऑसिलोस्कोप आईच्या पाटल्या गहाण ठेवून आला होता.

त्या १९७९ च्या करारातून काय निघाले हे वाचताना एका ठिकाणी मी थबकले. १९९३ ते १९९५ या काळात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आणि बीजिंग वैद्यकीय विद्यापीठाने मिळून चीनमध्ये जवळजवळ अडीच लाख स्त्रियांची पाहणी केली. गर्भ राहण्याआधीपासून रोज फक्त ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. एवढ्याने बाळाच्या पाठीच्या कण्यातले आणि मेंदूतले जन्मजात दोष टळतात का, हा प्रश्न. उत्तर चीनमध्ये असे दोष फार आढळत. तिथे गोळी न घेणाऱ्या स्त्रियांत हजारी ४.८ असलेले प्रमाण वेळेवर गोळी घेणाऱ्या स्त्रियांत हजारी १ वर आले. १९९९ मध्ये ते छापून आले आणि एवढीशी मात्रा पुरते याचा भक्कम पुरावा जगाला मिळाला.

मला दिवस होते तेव्हा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई पिवळी गोळी तळहातावर ठेवायच्या आणि समोर गिळायला लावायच्या. "उद्या घेते" चालायचे नाही. माझी मुलगी आता दहावीला आहे, पाठ ताठ, पोहण्यात तालुक्यात पहिली. त्या अडीच लाख चिनी बायकांपैकी एकीचेही नाव मला माहीत नाही. वाचून झाल्यावर मी उठून तिच्या खोलीत गेले आणि थोडा वेळ तिच्याजवळ नुसती बसून राहिले.

आता दुसरी बाजू. तो करार दर पाच वर्षांनी पुढे चालू व्हायचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो संपला. डिसेंबरमध्ये पुन्हा पाच वर्षांसाठी झाला, पण फक्त मूलभूत संशोधनापुरता. कृत्रिम बुद्धिमत्ता, क्वांटम अशी नाजूक क्षेत्रे वगळली. शेन्झेनमध्ये बर्कली, बीजिंगचे त्सिंगुआ विद्यापीठ आणि शेन्झेनच्या नगर सरकारने २०१४ मध्ये संयुक्त संस्था काढली होती. पॅटरसन यांच्या देखरेखीखाली रिस्क-फाइव्हची प्रयोगशाळाही २०१९ मध्ये तिथेच सुरू झाली. त्या संस्थेतून बाहेर पडत असल्याचे बर्कलीने २०२४ मध्ये सांगितले. अमेरिकेतल्याच जॉर्जिया टेक विद्यापीठाने त्याच वर्षी चीनमधली आपली संयुक्त संस्था सोडली. मिशिगन विद्यापीठाने जानेवारी २०२५ मध्ये शांघायमधली भागीदारी संपवली. आणि रिस्क-फाइव्ह सांभाळणाऱ्या संस्थेला राजकारणाच्या भीतीने २०२० मध्येच आपले घर स्वित्झर्लंडला हलवावे लागले होते.

भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. जी चिप भात वाचवते तिचीच मोठी भावंडे क्षेपणास्त्रात बसतात. तंत्रज्ञानाच्या चोऱ्या झाल्या आहेत, आणि आपल्या देशाच्या सीमेवरही २०२० मध्ये रक्त सांडले आहे. पण भीतीला माणसामाणसातला फरक कळत नाही. एमआयटीचे गांग चेन, उष्णता आणि नॅनो पदार्थांवर काम करणारे प्राध्यापक. चीनशी असलेले संबंध लपवल्याच्या आरोपावरून जानेवारी २०२१ मध्ये त्यांना अमेरिकेत अटक झाली आणि वर्षभराने सगळे आरोप मागे घेतले गेले. ते वर्ष त्यांना कोण परत देणार? आणि ते पाहून ज्या तरुण मुलामुलींनी समुद्र ओलांडायचे सोडले, त्यांचा हिशेब तर कुठेच नाही.

तात्यांना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी मासळीचा विषय काढला. मानशीतल्या मासळीचा दरवर्षी लिलाव, म्हणजे पावणी, होतो आणि तो पैसा बांधाच्या डागडुजीला लागतो. ते म्हणाले, "पावणी आधी ठरते, मग जाळे पडते. उलटे केले तर गावात काठ्या निघतील." मला एकदम अमेरिका-चीन स्वच्छ ऊर्जा संशोधन केंद्र आठवले. २००९ मध्ये ओबामा आणि चीनचे अध्यक्ष हू जिंताव यांनी जाहीर केलेले. पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून १५ कोटी डॉलर. वाहनांचे काम मिशिगन आणि त्सिंगुआकडे. तिथे आधी लिखित आराखडा केला होता, शोध लागला तर मालकी कोणाची, वापरायचा कोणी आणि कसा. आपापल्या माणसांचा खर्च आपापल्या बाजूने करायचा. ते काम वर्षानुवर्षे चालले. मला वाटते, दोन देशांना, दोन विद्यापीठांना खरोखर मिळून काही करायचे असेल तर रस्ता हाच. दार लावून घेणे हा उपाय नाही, आणि सगळे सताड उघडे टाकणे हाही नाही.

हे मी इतक्या कळकळीने का लिहिते आहे, तर तुटते तिकडे आणि झळ लागते इथे. माझे बोर्ड शेन्झेनमध्ये छापून येतात. मी फाइल पाठवते, आठवड्यात पाच बोर्ड तयार होतात. गेल्या खेपेला ते कस्टम्समध्ये बावीस दिवस अडकले. कारण कोणी धड सांगेना. तेवढ्यात एक उधाण येऊन गेले. नशीब, तेव्हा दार शाबूत होते.

यंदा सर्वपित्री अमावास्येला रात्री पावणेतीनला फोन वाजला. आकडा चढत होता, १.१, १.६, २.३. तात्यांना हाक मारायच्या आत ते ओसरीवर आले होते, हातात टॉर्च, खांद्यावर रिकामे पोते. पाऊस नव्हता. बांधावर खेकड्यांची बिळे चुकवत आम्ही मानशीपाशी पोचलो. झडपेच्या खाचेत खारफुटीची मनगटाएवढी फांदी अडकली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पाणी फुरफुरत आत येत होते. तात्या कमरेइतक्या पाण्यात उतरले. मी वरून उजेड धरला. फांदी निघाली, झडप 'धप्प' करून बसली आणि आवाज थांबला. पोत्यात चिखल भरून त्यांनी कडेला दाबला.

घरी येऊन पेज घेताना त्यांनी माझा फोन मागून घेतला. आकडा १.८ वर येऊन ठेपला होता आणि हळूहळू उतरत होता. ते बराच वेळ त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "वरच्या मानशीलाही एक बसव. आणि खालच्या."

फाइल त्याच आठवड्यात पाठवली. बोर्ड शेन्झेनहून निघाल्याचा संदेश काल आला.