चाचांच्या दुबईत माझी तीन वर्षं

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक चिंचनाक्याजवळ तळमजल्यावर होतं. ट्रॅक्शनचं टेबल, दोन आयएफटी मशीन, वॅक्सबाथ, सगळं गेलं. मशीनच्या कर्जाचे हप्ते मात्र राहिले. आमचं घरही तळमजल्यावरच, त्यामुळे लोखंडी कपाटातली कागदपत्रांची फाइलसुद्धा बुडाली. पाऊस उघडल्यावर मी पदवीचं प्रमाणपत्र गच्चीत दोरीवर चिमटा लावून वाळत घातलं. कुलगुरूंची सही निळा डाग होऊन खाली ओघळली होती.

मागच्या आळीतले चाचा चिखल काढायला आले होते. ते वर आले, त्या कागदाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हा पुन्हा काढून घे. दुबईला फिजिओ लागतात. मशीन त्यांचं, हात तुझे."

चाचा आमच्या गोवळकोट रोडचे. १९८३ ते २०१४, एकतीस वर्षं त्यांनी दुबईत देरा भागात पाण्याच्या पंपांच्या दुकानात काढली. आमच्याकडे दाभोळच्या खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांमध्ये गल्फला गेलेला माणूस नाही असं घर क्वचितच सापडेल. चाचांचे वडील गलबतावर खलाशी होते. ते सांगायचे की दुबईत आपला रुपया चालतो. लहानपणी मला ती गोष्ट वाटायची, पण ते खरंच होतं. तिकडच्या बाजारात भारतीय रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा दुबईने त्याही सोडल्या. त्यांचा दिरहम १९७३ चा, म्हणजे चाचांपेक्षा लहान.

मला जायला सव्वा वर्ष लागलं आणि त्यातला बहुतेक काळ कागदांनी खाल्ला. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून पदवीची दुसरी प्रत काढली. त्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. लग्नानंतर नाव, वडिलांचं नाव, आडनाव यातलं दोन तृतीयांश बदलायची आपली पद्धत परदेशात किती महाग पडते, हे मुलींना कुणी आधी सांगत नाही. मी राजपत्रात नावबदल छापून घेतला होता म्हणून निभावलं. मग पदवीवर आधी राज्य सरकारचा शिक्का, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा, नंतर यूएईच्या वकिलातीचा, आणि दुबईला पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. लग्नाच्या दाखल्याला आणि मुलाच्या जन्मदाखल्यालाही हीच वाट. दुबईत रुग्णाला हात लावायचा तर दुबई हेल्थ अथॉरिटीचं लायसन्स हवं. त्यासाठी डेटाफ्लो नावाची पडताळणी असते, म्हणजे तुम्ही जिथे शिकलात आणि जिथे काम केलंत तिथे ते स्वतः विचारतात की हे खरं आहे का. मी पूर्वी जिथे नोकरी केली त्या हॉस्पिटलने उत्तर द्यायला सात आठवडे लावले. त्यानंतर संगणकावरची परीक्षा. ती पहिल्या खेपेत पास झाले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये निघाले. विमान जेमतेम तीन तासांचं, घड्याळ दीड तास मागे. आईने बॅगेत अनारशांचं पीठ आणि खसखशीची पुडी ठेवली होती. चाचांनी निघायच्या आदल्या रात्री येऊन बॅग उघडायला लावली आणि ती पुडी बाहेर काढली. यूएईत खसखस बंदी असलेल्या मालात मोडते, तिची गणना अफूशी होते. आपल्याकडे डब्यात असणारी वस्तू तिथे माणसाला विमानतळावर अडकवू शकते. नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी बाईला मी हे पहिल्यांदा सांगते. घरच्या औषधांचंही तसंच. खोकल्याच्या, दुखण्याच्या काही गोळ्या तिथे नियंत्रित यादीत आहेत. यादी बघा, चिठ्ठी जवळ ठेवा.

पहिले पाच महिने मी क्लिनिकने दिलेल्या खोलीत केरळच्या दोन नर्सेसबरोबर राहिले. रक्ततपासणी, छातीचा एक्सरे, मग एमिरेट्स आयडी आला. नंबर ७८४ ने सुरू होतो, तो देशाचा आकडा, आणि त्याला लागून आपलं जन्मसाल. व्हिसा दोन वर्षांचा.

घर घ्यायची वेळ आली तेव्हा मला कळलं की इथे पगारापेक्षा पहिल्या दिवशी हातात असलेले पैसे महत्त्वाचे. भाडं महिन्याचं नसतं, वर्षाचं असतं आणि पुढच्या तारखांच्या चेकने द्यायचं असतं. चेक जितके कमी तितकं भाडं कमी, म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच सूट. अल कुसैसमध्ये वन बीएचके मिळालं, वर्षाला ४६,००० दिरहम, चार चेक. पहिला चेक ११,५०० चा. पाच टक्के डिपॉझिट २,३००, एजंटचे पाच टक्के २,३००, वीज-पाण्याच्या खात्याचं, म्हणजे देवाचं, डिपॉझिट २,००० (नाव खरंच 'देवा' आहे, दुबई इलेक्ट्रिसिटी अँड वॉटर अथॉरिटी) आणि भाडेकराराच्या नोंदणीचे, एजारीचे, सव्वादोनशे. अठरा हजारांवर दिरहम, त्या वेळच्या दराने चार लाखांपेक्षा जास्त रुपये, आणि अजून घरात गादी नाही. वर वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के हाउसिंग फी दर महिन्याच्या बिलात येते. मला १९२ दिरहम पडायची. माझा पगार ७,५००. पाटल्या गहाण टाकून मी ते घर घेतलं. चेक बाउन्स होण्याची भीती मी चाचांकडून घेऊन आले होते, कारण त्यांच्या काळात त्यापायी माणसं तुरुंगात गेली. जानेवारी २०२२ पासून कायदा बराच सौम्य झाला, तरी चेकच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात मी आजही रोज खातं बघते.

आता मला जे सांगायचंय ते.

मार्च २०२३ मध्ये नवरा आणि मुलगा आले. माझ्या व्हिसावर. बाईनेही घरच्यांना आणता येतं, अट पगाराची: ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची जागा. नवऱ्याने पतसंस्थेतली चौदा वर्षांची नोकरी सोडली आणि पाच महिने घरी बसून मुलाचे डबे भरले, मग त्याला हिशेबाचं काम मिळालं. गावाकडून फोन आले, "बायकोच्या व्हिसावर?" असे. त्याने प्रत्येकाला शांतपणे हो म्हटलं. त्या पाच महिन्यांबद्दल मी त्याची कायम ऋणी राहीन.

ते आले त्या रात्री मी चिपळूणला फोन केला. व्हॉट्सॲपवर इथे मेसेज जातात पण कॉल लागत नाहीत, म्हणून बोटिम हे ॲप घ्यावं लागतं. चाचीने उचलला. मी म्हटलं, चाची, सगळे आले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बायकामुलांना आणायला लागतो त्या आकड्याला आमच्यांचा पगार कधी पोचलाच नाही गं." मग तिने हिशेब सांगितला, पाठ असल्यासारखा. एकतीस वर्षं, दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची सुट्टी. पंधरा सुट्ट्या, तीस महिने. अडीच वर्षांचा संसार.

हे मी याआधी कधी मोजलं नव्हतं. लहानपणी चाचा यायचे तेव्हा आळीत टँगचा डबा, साबणाच्या वड्या, निवियाची निळी डबी वाटली जायची. आम्ही पोरं त्यांच्या सुट्टीची वाट बघायचो. चाचींची वाट वेगळी होती हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. त्यांचं दुमजली गुलाबी घर बाकीच्या साडेअठ्ठावीस वर्षांच्या मोबदल्यात उभं आहे. २०२१ च्या पुरात आम्ही अकरा माणसं त्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन रात्री होतो.

इथे माझ्याकडे येणारे निम्मे रुग्ण चाचांसारखेच आहेत. कंबर, खांदा, मान. विम्याने सहा सेशन मंजूर केली की सहाव्या सेशनला माणूस पन्नास टक्के बरा झालेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओझं उचलायला जातो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी आहे आणि ती पाळली जाते, हे चांगलंच आहे. पण साडेतीनलाही ऊन असतंच. मी त्यांना खोलीत करता येतील असे व्यायाम शिकवते. "खोलीत जागा किती आहे?" हे मी आता आधी विचारते. एकाने हात पसरून पलंगाची रुंदी दाखवली. म्हणून मी चार व्यायाम असे बसवलेत जे पलंगावर पडून, वरच्या पलंगाला डोकं न लागता करता येतात. माझ्या हातून इथे झालेलं सगळ्यात उपयोगी काम हेच असेल.

उन्हाळ्याची एक युक्ती चाचांचीच. जूनपासून गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. चाचा म्हणाले, गिझर बंद करून ठेव आणि गरम पाण्याचा नळ सोड. गिझरची टाकी घरात, एसीत असते, तिच्यातलं पाणी सोसवेल असं होतं. तीन उन्हाळे आम्ही गरम नळाने गार अंघोळ करतोय.

मुलाला शाळेत अरबी सक्तीची आहे. पहिल्या महिन्यात रडायचा. मग एक दिवस धावत आला, "आई, कुर्सी म्हणजे खुर्ची! साबून म्हणजे साबण! दुक्कान म्हणजे दुकान!" आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर यादी सुरू केली, किताब, कलम, हिसाब, तारीख. त्या यादीमुळे त्याचं मराठीही टिकलं असं मला वाटतं, कारण प्रत्येक शब्दापुढे तो मराठी शब्द देवनागरीत लिहितो.

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस सगळ्यांनी बातम्यांत पाहिला. अल ऐनजवळ खत्म अल शक्ला इथे २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला, १९४९ पासूनच्या नोंदींत सगळ्यात जास्त. कोकणात जुलैमध्ये एवढा पाऊस एका दिवसात पडतो आणि माणसं भात लावायला जातात. पण तिथे पाण्याला ओढे आहेत, नदी आहे, खाडी आहे. इथे डांबर आणि वाळू, पाणी जाणार कुठे? मी क्लिनिकमधून गुडघाभर पाण्यातून चालत घरी आले. शेजारची फिलिपिनो बाई घाबरून जिन्यात उभी होती. पावसाने नाही घाबरले मी, पण त्या वासाने, भिंती भिजल्याच्या वासाने, माझे हात आपोआप चालायला लागले. खालच्या मीटरची वीज बंद करायला वॉचमनला सांगितलं, बादल्या भरून ठेवल्या, फोन चार्ज केले, आणि कागदांची फाइल दोन पिशव्यांत गुंडाळून कपाटाच्या वर ठेवली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. नवरा काही बोलला नाही, त्याने स्टूल धरून ठेवलं.

गेल्या महिन्यात एका रविवारी बर दुबईहून अब्रात, म्हणजे लाकडी होडीत, बसून खाडी ओलांडली आणि देराला उतरले. अब्राचं भाडं अजून एक दिरहमच आहे. चाचांनी पत्ता सांगितला होता: मशिदीमागची गल्ली, कोपऱ्यावर मल्याळी माणसाची कॅफेटेरिया. पंपांच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. इमारत तीच. मी बोटिमवर व्हिडिओ कॉल लावला आणि फोन वर धरला.

"दुसरा मजला. डावीकडून तिसरी," चाचा म्हणाले. "खिडकीला काय लावलंय?"

"चंदेरी कागद लावलाय, चाचा. आतून."

"आम्हीपण लावायचो. उजेड येऊ नये म्हणून." चाची मागून पुढे येऊन बघत होती. तिने ती खिडकी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

मी आवाज चढवून विचारलं, अजून जवळून दाखवू का?

"हळू बोल," चाचा म्हणाले. "रात्रपाळीवाले झोपले असतील."