हलू नको, थांब
काल रात्री परभणीत मावशीच्या माळवदावर चार लॅपटॉप मांडून आम्ही चौघं भावंडं ‘लेफ्ट फोर डेड 2’ खेळलो. 2009चा, चौघांनी मिळून झोंबी मारत पुढं जायचा गेम, पण अजून जुना वाटत नाही. झोंबी कधी, किती सोडायचे हे गेमच आपला खेळ बघून ठरवतो, म्हणून पाठांतर कामाला येत नाही. हंटर नावाच्या झोंबीनं झेप घेऊन खाली पाडलं की आपलं आपल्याला उठता येत नाही, सोबत्यानंच सोडवायचं. गेममधली माझी तब्येत पार लाल झालेली, म्हणजे मरायला टेकलेलो. धाकट्याकडं एकच फर्स्ट एड किट, तो स्वतः लंगडत होता. तरी म्हणाला, “दादा, हलू नको, थांब.” आणि मलाच पट्टी बांधली. पुढं टँक नावाच्या धिप्पाड झोंबीनं त्याला पाडलं. मला लई वाईट वाटलं. सकाळी तो पुण्याच्या गाडीला बसला.