तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा धीर येतो कुठून?

"वहिनी, तुम्हाला राग येत नाही का हो?" हा प्रश्न मला गल्लीत विचारतात, चर्चच्या आवारात विचारतात, अलीकडे मंडईतसुद्धा. विचारणाऱ्यांना आमच्या घरचं माहीत असतं. माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, आता काही आठवत नाही. एखादी मग आवाज खाली आणून पुढचं विचारते, "तुमच्यात प्रार्थनेनं होतं का हे?" अशी बाई बहुतेक वेळा स्वतःच कुणाचं तरी करून थकलेली असते. म्हणून नीट बसून लिहिते आहे.

राग येतो. प्रार्थना करूनही येतो.

आप्पांचा एकच प्रश्न असतो, "पाणी किती फुटावर आलंय?" कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको. जुलै लागला की आपण सगळेच एकमेकांना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत असतो. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं होतं. आप्पांच्या डोक्यातून नातवंडांची नावं पुसली गेली, तो पूर तेवढा राहिला. एप्रिलच्या उन्हातही ते कॉटवरून विचारतात. चादरीचं टोक मुठीत आवळलेलं असतं. मी सांगते, "उतरलंय आप्पा, काळजी नाही." मूठ सैल होते. हातातली भाकरी थापून तव्यावर टाकेपर्यंत पुन्हा, "पाणी किती फुटावर आलंय गं?" त्यांच्या दृष्टीनं ते पहिल्यांदाच विचारत असतात आणि भीतीही पहिल्यांदाच वाटत असते. मग उत्तरही पहिल्यांदा द्यावं तसंच द्यायला हवं. माझ्या घरात धीर म्हणतात तो एवढाच.

तो माझ्या स्वभावात मुळीच नाही, हे माहेरचं कुणीही सांगेल. मला तो मिळतो पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातल्या एका दाखल्यातून. एका चाकराचं राजाला 10,000 तालांत देणं असतं. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिवसांची मजुरी, तेव्हा हे कर्ज सात पिढ्यांतही फिटणारं नव्हतं. तो पाया पडतो : थोडं थांबा, सगळं फेडतो. राजाला कळवळा येतो आणि तो सगळंच सोडून देतो. बाहेर पडल्या पडल्या त्या चाकराला त्याचा स्वतःचा देणेकरी भेटतो, 100 दीनारांचा, म्हणजे शंभरेक दिवसांच्या मजुरीचा. तोही पाया पडतो आणि जवळपास तेच वाक्य बोलतो. घटकाभरापूर्वी आपल्याच तोंडून गेलेलं वाक्य या माणसाला ओळखू येत नाही. तो त्याला तुरुंगात टाकतो. सकाळी आप्पा उठायच्या आत मी हा भाग वाचते. देवानं माझ्यासाठी किती थांबून घेतलं आहे हे ताजं असलं की आप्पांच्या प्रश्नाला थांबणं अवघड जात नाही. तुम्हाला हवं असलेलं उत्तर खरं तर इथंच आहे.

पण धीर म्हणजे तोंड शिवून बसणं, असं कुणी सांगत असेल तर ते ऐकू नका. बायबलमधल्या तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओळींतच दावीद राजा चार वेळा "कोठवर?" म्हणून देवाला विचारतो. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या धीराचं नाव सगळे घेतात. त्यानं किती तक्रार केली, किती वाद घातला, ते मात्र गाळतात. त्याला गप्प बसवणारे मित्र शेवटी चुकीचे ठरले, ईयोब नाही. मीही रात्री भांडी घासताना देवाशी बरंच बोलते, आणि ते सगळं गोड नसतं.

बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, शेतकऱ्याचं उदाहरण आहे. पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत तो पिकासाठी धीर धरतो. आमच्या सुगीच्या उपासनेत हे वचन हमखास असतं. आडसाली ऊस लावणाऱ्याला ते वेगळं शिकवावं लागत नाही. जुलै-ऑगस्टची लागण तुटायला दीड वर्ष जातं. पण त्या दीड वर्षात तो बांधावर बसून राहत नाही. भांगलण आहे, भरणी आहे, रात्रीची लाईट असली की बॅटरी घेऊन पाणी पाजायला जाणं आहे. आणि हे वचन सातवं आहे. चौथ्या वचनात त्याच याकोबानं मजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या जमीनदारांना धारेवर धरलं आहे. ती अडकवलेली मजुरी ओरडते आहे, असं तो म्हणतो. आधी लुबाडणाऱ्याला जाब, मग सोसणाऱ्याला धीर. हा क्रम उलटा करून नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "धीर धर, येशूनंही सोसलं" असं सांगितलेलं मी ऐकलं आहे, आणि तिथं मला खरोखर संताप येतो. लूकाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातली विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी न्याय मिळेपर्यंत जात राहिली. अशा बाईला वाचून दाखवायचं तर ती विधवा दाखवा, आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा.

आपल्या मराठीत अशा धीराचं एक मोठं माणूस होऊन गेलं. पंडिता रमाबाईंनी उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. कितीतरी वर्षं ते काम चाललं, केडगावच्या मुक्ती सदनात, तिथल्याच बायकांच्या हातून जुळणी आणि छपाई. 1921 च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. स्वतःची तब्येत ढासळलेली होती. तरी मुद्रितं तपासणं सुरूच राहिलं. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या; अख्खं पवित्र शास्त्र छापून वाचकांच्या हाती पडलं ते त्यांच्या माघारी.

आता थकलेल्यांसाठी. बायबलमधलं 'पहिले राजे' हे पुस्तक, अध्याय 19. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खाऊ घालतो. बोलणं नंतर, डोंगरावर. म्हणून हल्ली मला कुणी धीराचं विचारलं की मी आधी विचारते, रात्री झोप किती होते, आणि तुमच्या जागी बसायला कोण आहे? माझ्याकडे रविवारी सकाळी जाऊबाई येतात, आप्पांना अंघोळ घालतात, भरवतात, म्हणून मी उपासनेला जाऊ शकते. तुमच्याकडे कुणी नसेल तर पाळकांना सांगा, शेजारणीला सांगा, भावाला हक्कानं बोलवा. आणि कोल्हापुरातच असाल तर मला सांगा. शनिवारी दुपारी आमचे हे घरी असतात. तेवढा वेळ मी तुमच्या माणसापाशी येऊन बसेन, तुम्ही निवांत झोपा.