स्पीडच्या आधी अ‍ॅक्युरसी बघा

टायपिंग टेस्ट संपली की सगळ्यांचे डोळे आधी डब्ल्यूपीएमवर, म्हणजे मिनिटाला किती शब्द टाइप झाले त्या आकड्यावर जातात, अ‍ॅक्युरसी शेजारीच लिहिलेली असते पण तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मला तर वाटतं स्पीड झाकून ठेवावा आणि आधी अ‍ॅक्युरसीच बघावी.

मुळात स्पीडचा आकडा येतो कसा, तर टेस्टमधला शब्द म्हणजे स्पेस धरून पाच कीस्ट्रोक (पाच वेळा की दाबणं), मग तुम्ही काहीही टाइप करा. मिनिटाला 300 कीस्ट्रोक झाले तर ग्रॉस स्पीड 60. त्यात सहा चुका तशाच राहिल्या असतील तर त्या वजा होऊन नेट 54. आता 95 टक्के अ‍ॅक्युरसी ऐकायला मस्त वाटते ना, पण हिशोब करून बघा, वीस कीस्ट्रोकमागे एक चूक म्हणजे साधारण दर चार शब्दांमागे एक चूक! आणि ती सुधारायला गेलात तर, समजा दोन अक्षरं पुढे गेल्यावर चूक दिसली, की तीनदा बॅकस्पेस आणि तीच तीन अक्षरं परत, म्हणजे सहा कीस्ट्रोक फुकट गेले, वर हाताची लय तुटली ती वेगळीच. त्यामुळे मी तर सांगेन की 98 टक्क्यांच्या खाली असाल तर मुद्दाम सावकाश टाइप करा, स्पीड मागून येतोच.

हे नुसतं माझं मत नाहीये. 2018 मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाच्या आणि केंब्रिजच्या संशोधकांनी 1 लाख 68 हजार लोकांचं टायपिंग तपासलं, सरासरी निघाली मिनिटाला 52 शब्द, आणि जे फास्ट होते त्यांच्या चुका कमी होत्या. शिवाय ते आधीच्या कीवरून बोट उचलायच्या आतच पुढची की दाबत होते.

देवनागरीत अजून एक गंमत आहे. "स्त्री" दिसायला एकच अक्षर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, ते सहा तुकडे, स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. "नमन" मात्र तीनच. म्हणून जोडाक्षरांनी भरलेला उतारा आणि सोपा उतारा यांचे स्पीड एकमेकांशी लावूच नका, आणि मराठीचा आकडा इंग्रजीशी तर अजिबात नको.

वाचनाचंही तेच. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा मोठ्या माणसांचा मनात इंग्रजी वाचायचा वेग माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला 238 शब्द आणि कथा-कादंबऱ्यांसाठी 260 आला. वेग एवढाच येतो कारण डोळा काही ओळीवरून सरळ सरकत नाही, तो उड्या मारतो, प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो आणि अधूनमधून मागेही जातो. त्यामुळे मिनिटाला हजार शब्द वाचतो म्हणणाऱ्याला नेहमी विचारा, समजलं किती?

घरी मोजायचं असेल तर कधीच न वाचलेला, शब्द मोजून ठेवलेला उतारा घ्या, टायमर लावून वाचा, मग मिटून ठेवा आणि आठवेल ते लिहून काढा, मग मुद्दे ताडून बघा. निम्मेच आठवले तर वेगाच्या शेजारी तेही लिहा. आणि पुढच्या वेळी उतारा नवीन घ्या, तोच परत वाचलात तर वेग वाढलेला दिसणारच, तो पाठ झालेला असतो.