मधल्या सुट्टीतील छळ आणि मानसतज्ज्ञांचे काम

सातवीच्या माझ्या वर्गातील एका मुलाचा डबा कितीतरी दिवस न उघडता घरी परत जात होता. वर्गशिक्षिका असूनही मला ते कळले ते त्याची आई शाळेत येऊन बसली तेव्हाच. पिण्याच्या पाण्याच्या नळांपाशी चार-पाच मुले त्याला अडवीत, त्याचा डबा उघडून भाजीचा वास घेत, नाके मुरडीत आणि तो तेथून निघून जाईपर्यंत एका टोपणनावाचा घोष चालू ठेवीत. मी त्यांच्या म्होरक्याला बोलावले, दोघांना वर्गासमोर उभे केले, एकाला ‘सॉरी’ म्हणायला लावले, हात मिळवायला लावले आणि प्रकरण मिटले असे समजले. पुढच्या आठवड्यापासून तो मुलगा शाळेतच येईनासा झाला.

त्या वर्षी एका संस्थेच्या मदतीने आठवड्यातून दोन दिवस एक शैक्षणिक मानसतज्ज्ञ बाई आमच्या शाळेत येत असत. मी त्यांना सारे सांगितले तेव्हा त्यांनी मला बोल लावला नाही. मात्र भांडण आणि छळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शांतपणे समजावून सांगितले. कट्टी झालेल्या दोन मैत्रिणींची बट्टी करून देता येते, कारण दोघींचे बळ सारखे असते. पण जेथे जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा आणि स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्याला त्रास दिला जातो, तेथे दोघांना समोरासमोर उभे केले की दुबळ्याची भीती साऱ्या वर्गाला दिसते. हे तीन निकष मांडले ते डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी. 1982 च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आपले जीवन संपवले, त्यामागे सहाध्यायांचा छळ असावा असे समोर आले, आणि 1983 मध्ये तेथे देशव्यापी मोहीम सुरू झाली. ओल्वेउस यांनी बर्गेनमधील 42 शाळांतील सुमारे 2500 मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा मुलांनी स्वतः सांगितलेल्या छळाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास घटलेले आढळले. त्या मोहिमेत मधल्या सुट्टीतील देखरेखीपासून पालकांच्या बैठकांपर्यंत सारी शाळाच कामाला लावलेली होती.

आमच्या बाईंनीही त्या मुलाला किंवा म्होरक्याला आधी बोलावले नाही. त्यांनी वर्गाला चिठ्ठ्या वाटल्या आणि डबा कोणाबरोबर खायला आवडेल, अशी तीन नावे लिहायला सांगितली. दुपारी शिक्षकखोलीत एका मोठ्या कागदावर त्यांनी प्रत्येक मुलासाठी एक वर्तुळ काढले आणि चिठ्ठ्या वाचत लिहिणाऱ्याच्या वर्तुळापासून त्याने निवडलेल्या मुलाच्या वर्तुळाकडे बाण ओढले. वर्गातील नातेसंबंध मोजण्याची ही पद्धत मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी 1930 च्या दशकात रूढ केली. कागद पूर्ण झाला तेव्हा त्या मुलाच्या वर्तुळाकडे एकही बाण आलेला नव्हता, आणि म्होरक्याकडे सर्वांत जास्त बाण होते. ते पाहून मी सुन्न झाले. ज्याला मी वर्गाला नकोसा झालेला उनाड मुलगा समजत होते, तो वर्गाचा लाडका होता आणि त्याचे बळ भोवती हसणाऱ्यांकडून येत होते.

फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी 1996 मध्ये हेच दाखवून दिले होते: छळात साथीदार असतात, हसून चेतवणारे असतात, नजर वळवणारे असतात आणि पाठीशी उभे राहणारेही असतात. त्यांच्या अभ्यासावर उभा राहिलेला ‘किवा’ हा शाळांतील छळ रोखण्याचा कार्यक्रम पुढे फिनलंडभर पोहोचला. आमच्याकडे बाई पुढचे काही आठवडे हसणाऱ्या मुलांशी एकेकट्याने बोलल्या. ‘तू का हसलास?’ असे त्यांनी विचारले नाही; ‘तो हल्ली डबा खात नाही, आपल्याला काय करता येईल?’ एवढेच विचारले. सुट्टीत नळांपाशी एक शिक्षक उभा राहू लागला. शाळेत येईनाशा झालेल्या त्या मुलाकडे मात्र त्या पहिल्याच दिवशी स्वतः घरी गेल्या होत्या.

आक्रमकतेचा आणखी एक प्रकार त्यांनी मला दाखवला. त्याच वर्गातील दुसरा एक मुलगा रांगेत कोणाचा धक्का लागला तरी हात उचलायचा. त्याला प्रत्येक धक्का मुद्दाम मारलेला वाटे. त्याच्यासाठी शिक्षा वाढवून उपयोग नव्हता; ‘हे चुकून झाले असेल का?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय त्याला लावावी लागली, आणि तिला अनेक महिने लागले.

हे काम शिक्षकाने करावे असे म्हणणे सोपे आहे. साठ मुलांचा वर्ग, गुणपत्रके आणि ऑनलाइन माहिती भरणे यांतून मी ते बाण कधीच ओढले नसते. शिवाय माझ्या हातात गुण असल्यामुळे मुले मला खरे सांगतीलच असे नाही. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशकाची अट आहे, आमच्या अनुदानित मराठी शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांत, मात्र तसे पदच नाही. याचे मला मनापासून दुःख होते.

फेब्रुवारीत बाईंनी पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या. म्होरक्याकडे अजूनही सर्वांत जास्त बाण होते. त्या मुलाकडे दोन बाण आले होते, आणि त्यांपैकी एक नळांपाशी हसणाऱ्यांमधल्या एकाचा होता. मार्चमध्ये संस्थेचा निधी संपला; तो कागद गुंडाळी करून मी माझ्या कपाटात ठेवला आहे.