बारक्याचा पाय

डॉक्टरांची एम.जी. दुकानापुढे येऊन थांबली की आधी गर्दी पांगवावी लागते. कुणी बॉनेटवर हात फिरवतो, कुणी दाराला टेकून सेल्फी काढतो, आणि एक तरी जण विचारतोच, "ही हेक्टरवाल्यांचीच ना?" हल्ली एम.जी. म्हटलं की नाना पेठेत, पुण्यातल्या या गाड्यांच्या पार्टांच्या बाजारात सुद्धा, लोकांना ती नवी हेक्टर गाडीच आठवते. ही एमजीबी, १९६५ची. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यातली, दोन माणसांची, उघड्या टपाची, फिकट निळी. डॉक्टरांच्या वडिलांनी दिल्लीत वकिलातीतल्या कुठल्याशा साहेबाची म्हणून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडून ती उचलली, असं डॉक्टर सांगतात. गाडी एवढी बुटकी, की टप उतरवला तर माझ्या पोटाशी येते.

त्या शनिवारी मात्र डॉक्टर उतरले ते तणतणतच. माझ्या वडिलांच्या काळापासून ते या दुकानात येतात, त्यामुळे मला अरे-तुरे.

"हे बघ, बघ जरा मागे येऊन."

मागच्या क्रोमच्या बंपरला रुपयाएवढा पोचा होता.

"काल सिग्नलला एक पोरगा स्कूटर घेऊन धडकला. वर मलाच म्हणतो, काका, तुमचा ब्रेकलाइट लागला नाही! अरे, चार महिन्यांपूर्वी तुझ्याकडूनच नवा स्विच बसवून घेतला मी, इंग्लंडहून मागवून. चांगला झापला त्याला. सगळ्या चौकात सॉरी म्हणवून घेतलं, फोन नंबर घेतला, मग सोडला."

"मग आता काय करायचं? पोचा काढायचा?"

"पोचा बघूच. आधी लाइट चालू आहे हे तुझ्या तोंडून ऐकायचंय मला."

मी आत बसलो. बसलो म्हणजे उतरलो, कारण या गाडीत माणूस विहिरीत उतरल्यासारखा जातो. चावी फिरवली, ब्रेक दाबला. मागून माझ्या हाताखालचा पोरगा, बारक्या ओरडला, "लागला भाऊ! दोन्ही!" सोडला, परत दाबला. "लागला!"

"बघ," डॉक्टर म्हणाले. "आणि म्हणे लाइट लागला नाही."

खरं तर काम तिथेच संपत होतं. पाच मिनिटं, पैसे नाहीत, चहा पिऊन डॉक्टर घरी. पण मला एक फोन आला आणि मी बोलत बोलत गाडीच्या मागे गेलो. तेवढ्यात बारक्या हळूच आत जाऊन बसला. सोळा वर्षांचं काडीपैलवान पोरगं, त्याला कधी नव्हे ते असं स्टिअरिंग हातात मिळालेलं. तो आपला गिअर हलवतोय, पायांनी पेडलं दाबतोय. या गाडीच्या ब्रेकच्या पेडलाला दाबताना एक कुरकुर आहे, बुशाची. ती मला फोनवर बोलताना ऐकू येत होती. कुर्र, कुर्र. आणि माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही लाइट काळे.

मी फोन ठेवला. "बारक्या, ब्रेक दाबतोयस?"

"नाही भाऊ, सॉरी भाऊ..."

"अरे दाब! उतरू नको. दाबलास? अजून दाब. दोन्ही पाय ठेव."

दोन्ही पायांनी, पाठ सीटला रेटून त्यानं दाबला, तेव्हा कुठे लाइट लागला. आणि पाय जरा सैल झाला तसा विझला.

डॉक्टर बघत होते. काही बोलले नाहीत.

बहुतेक गाड्यांत ब्रेकलाइटचा स्विच पेडलापाशीच असतो. पेडल हललं की आतली दांडी बाहेर येते, लाइट लागतो, पाय हलका की जड याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. या जुन्या इंग्लिश गाड्यांत तसं नाही. स्विच ब्रेकच्या नळीतच आटे देऊन बसवलेला असतो. मास्टर सिलिंडरच्या खाली, जिथे नळ्या एकत्र येतात त्या पितळी जोडावर. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब वाढतो, तो दाब स्विचच्या आतल्या पडद्याला ढकलतो, पडदा एका तांब्याच्या चकतीला ढकलतो, आणि चकती दोन टोकांना टेकली की लाइट. स्विच नवा असला की पाय ठेवल्या ठेवल्या लागतो. म्हातारा व्हायला लागला की जास्त दाब मागतो. मी सत्त्याऐंशी किलोचा माणूस. मला तो लाइट देणारच होता. घरी गॅरेजमध्ये डॉक्टर ड्रायव्हरला मागे उभं करून बघायचे, तेव्हाही ते पेडल चांगलं तळाला नेऊन बघत असणार, कारण टेस्ट करताना सगळेच तसं करतात.

आणि रस्त्यावर? डॉक्टर गाडी चालवतात तशी पुण्यात कुणी चालवत नाही. पुढचा सिग्नल लाल दिसला की ते अर्धा फर्लांग आधी पाय उचलतात आणि मग ब्रेकवर पाय नुसता टेकवतात, जसं एखाद्याच्या पोटावर हात ठेवून तपासावं. कचकन दाबणारा असता तर त्याचा लाइट लागला असता.

"म्हणजे काल..." डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही हळूच थांबत असणार."

ते स्टुलावर बसले. मी बॉनेट उघडलं.

या इंजिनापाशी मला परकं वाटत नाही. आपल्या ॲम्बॅसडरचं जुनं पेट्रोल इंजिन आणि हे, एकाच घराण्यातलं, बीएमसीची, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची बी-सिरीज. ती १४८९ सीसी, ही १७९८. माझी निम्मी जिंदगी ॲम्बॅसडरखाली गेली, त्यामुळे मामाच्या घरी आल्यासारखं होतं. पण वायरिंगमध्ये एक मेख आहे, आणि बारक्या नेमका तिथेच अडकला. फ्यूजवर करंट येतोय का बघ म्हटलं, तर त्यानं आपला एलईडीचा टेस्टर लावला आणि म्हणाला, "भाऊ, मेलीय सगळी लाइन." मग सीटमागचं झाकण उघडून बॅटऱ्या बघितल्या. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात, सीटच्या पाठीमागे. आणि ओरडला, "भाऊ, कुणीतरी उलटी जोडलीय! प्लस बॉडीला!" पाना घेऊन तो काढायला निघालाच होता. मी हात धरला.

उलटी नाही. १९६७ अखेरपर्यंत या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्याच होत्या. बॉडी म्हणजे प्लस, वायरमधून येतो तो मायनस. एलईडीच्या टेस्टरला ते कळत नाही, साध्या बल्बच्या टेस्ट लॅम्पला काही फरक पडत नाही. मी बारक्याला माझा जुना टेस्ट लॅम्प दिला. पेटला.

तसं फ्यूज बघायची गरज नव्हतीच. चावी दिली की पेट्रोलचा काटा उठत होता, आणि तो काटा, इंडिकेटर, ब्रेकलाइट सगळे एकाच फ्यूजवर. पण पोरानं हातानं केलेलं डोक्यात राहतं.

मग स्विचच्या दोन वायरी काढल्या. एक हिरवी, एक हिरव्यावर जांभळी रेघ असलेली. दोन्हींच्या टोकांत पेपरची क्लिप अडकवली. मागे दोन्ही लाइट लख्ख. म्हणजे वायर, बल्ब, अर्थ, सगळं ठणठणीत. स्विच मेलेला, आणि तो मी चार महिन्यांपूर्वी माझ्या हातानं बसवलेला. त्याच्या आधीचाही मीच. तो पाच महिने टिकला होता.

डॉक्टरांनी डॅशबोर्डातल्या कप्प्यातून एक पुडकं काढून दिलं. "तिसरा आहे. एकदम तीन मागवले होते."

इथे मला जरा लाज वाटली. एक पार्ट दोनदा जातो तेव्हा पार्टला शिव्या द्याव्यात, पण तिसरा तसाच बसवायचा म्हणजे मेकॅनिकला शिव्या द्याव्यात. मी म्हटलं, "डॉक्टर, गाडी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे राहू दे."

आधी जुना काढला. काढताना ब्रेकचं तेल सगळं वाहून जाईल आणि मग चारही चाकांची हवा काढत बसावं लागेल, या भीतीनं बरेच जण या स्विचला हात लावत नाहीत. त्यावर वडिलांनी शिकवलेली युक्ती आहे. दुकानात एक अर्धा कापलेला क्रिकेटचा स्टंप आहे. ब्रेकचं पेडल इंचभर दाबायचं आणि स्टंप सीट आणि पेडलाच्या मध्ये तिरका अडकवायचा. मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेवढा पुढे गेला की डब्यातून तेल खाली यायचं भोक बंद होतं. मग स्विच उघडला तरी पहिली चिरकांडी उडते, दोन-चार थेंब येतात, आणि थांबतं. चिरकांडीसाठी खाली पाण्यानं भिजवलेलं फडकं, कारण ब्रेक ऑइल रंगाला लागलं की सकाळी रंगाची साल निघालेली दिसते. नाव ऑइल असलं तरी ते तेल नव्हेच. खरं तेल त्या डब्यात ओतलं तर सगळे रबर फुगून बसतील. जुना स्विच सुटला तसं भोकावर बोट ठेवलं, दुसऱ्या हातानं नवा टेकवला, आटे धरले, आणि मग पाना. आटे निमुळते असतात, जसे आत जातात तसे घट्ट होतात. टेप लावायची नाही, आणि जोर तर अजिबात करायचा नाही. पितळी जोड तडकला तर हा पार्ट पुण्यात मिळत नाही.

नव्या स्विचला वायरी जोडल्या नाहीत. जुना व्हाइसमध्ये धरला आणि हॅक्सॉनं उभा कापला.

डॉक्टर चष्मा वर करून वाकले. आत ती चकती होती, नखाएवढी. जिथे टेकते तिथे दोन काळे डाग, आणि डागांच्या मध्ये खड्डे, देवीचे व्रण असावेत तसे. मी म्हटलं, "एकवीस-एकवीस वॅटचे दोन बल्ब, म्हणजे साडेतीन अँपिअर. दर वेळी पाय उचलला की इथे ठिणगी. सिग्नलला दहा वेळा पाय टेकवणार, दहा ठिणग्या. तुमचा हलका पाय असला की चकती सावकाश सुटते, ठिणगी अजून लांब. जुने स्विच हे वर्षानुवर्षं सोसायचे. ह्यांच्या चकत्या पत्रावळीसारख्या."

"मग?"

"मग यावर ओझंच टाकायचं नाही. रिले लावू. स्विचनं फक्त रिलेला हुकूम द्यायचा, बल्बचा करंट रिलेतून जाईल. स्विचवर येईल तो पंधरा-वीस शतांश अँपिअर."

हे मी मोठ्या थाटात सांगितलं, आणि कपाटातून एक रिले काढून वायरी जोडल्या. नशीब माझं, की आधी पेपर क्लिपनं टेस्ट केलं. क्लिप टेकवली तशी 'टच्च' असा आवाज झाला, रिलेतून उदबत्तीएवढा धूर निघाला आणि दुकानभर तो ओळखीचा वास. लाइट वगैरे काही नाही. बारक्या माझ्याकडे बघतोय, डॉक्टर रिलेकडे.

रिलेच्या पाठीवर बारीक चित्र छापलेलं असतं. चष्मा खिशातच होता. लावून बघितलं, तर कॉइलला आडवा एक डायोड काढलेला, करंटला एकाच दिशेनं जाऊ देणारा. नव्या गाड्यांच्या रिलेत तो आतच बसवून येतो. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत तो झोपून राहतो. इथे सगळं उलटं, त्यामुळे कॉइलला बगल देऊन करंट थेट डायोडमधून. ज्या गोष्टीसाठी तासाभरापूर्वी पोराचा हात धरला होता, तीच मी केली.

"भाऊ," बारक्या हळूच म्हणाला, "आपला टेस्टर पण असाच उलटा लागला होता ना?"

"हो. चहा सांग."

बिनडायोडचा साधा रिले समोरच्या दुकानात मिळाला. त्याला मी बाहेरून एक डायोड लावला, पट्टी बॉडीच्या बाजूला करून, कारण कॉइल सोडतानाही एक छोटा झटका मागे येतोच आणि तोही त्या चकतीला कशाला द्यायचा. फ्यूजचा करंट रिलेला, तिथून जांभळ्या रेघेच्या वायरीला. रिले मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, आधीपासून असलेल्या स्क्रूखाली बसवला. डॉक्टरांच्या गाडीला नवं भोक पाडायची माझी छाती नाही. स्टंप काढला, पेडल चार-पाच वेळा दाबून बघितलं. घट्ट होतं. हवा शिरली नव्हती.

एव्हाना संध्याकाळ झाली होती. समोरच्या गोदामाचं शटर पांढरं आहे. गाडी मागे घेऊन शटरकडे पाठ करून लावली. डॉक्टरांना म्हटलं, आता तुम्ही बसा, आरशात बघा, आणि रस्त्यावर ठेवता तसाच पाय ठेवा.

त्यांनी पाय टेकवला. पेडलाची कुरकुर व्हायच्या आधी शटर लाल झालं. उचलला, विझलं. परत टेकवला. असं त्यांनी किती वेळा केलं असेल कुणास ठाऊक. शेवटी मीच म्हटलं, "डॉक्टर, बॅटरी उतरेल."

ते उतरले नाहीत. तिथेच बसून त्यांनी फोन काढला, नंबर शोधला.

"हॅलो... मी कालचा, निळ्या गाडीवाला... नाही नाही, भांडायला नाही. ऐकून तर घ्या. तुमचं बरोबर होतं. लाइट लागत नव्हता माझा." काल 'अरे गाढवा' होतं, आज 'तुम्ही'. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग पोरगं काहीतरी भराभर बोललं असावं, कारण डॉक्टर नुसतं 'हं, हं' करत राहिले. फोनवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, "काय रे, स्कूटरचं पुढचं मडगार्ड आणि हेडलाइटची काच, बसवून किती होतात?"

"ओरिजिनल की डुप्लिकेट?"

त्यांनी फोन परत कानाला लावला. "सोमवारी नाना पेठेत या. ओरिजिनलच बसवू."